हवा नाही, मग रॉकेट कशाला रेटतं? नववीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळेचं, मॅडमचं आणि मुलांचं नाव इथे दिलेलं नाही. मी त्याच आवारात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि निर्वात पंप माझ्या कपाटात असतो. या प्रकरणाशी माझा सुरुवातीचा संबंध एवढाच. पुढे मी त्यात चांगलाच गुंतलो, आणि काही चुका माझ्याही आहेत.

नववीला न्यूटनचे गतीचे नियम चालू होते. मॅडम अनुभवी, वर्गावर पकड असलेल्या. तिसरा नियम, म्हणजे प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया, शिकवताना त्यांनी नेहमीची उदाहरणं घेतली: पोहणारा पाणी मागे ढकलतो आणि पुढे जातो, नावाडी वल्ह्यानं पाणी मागे सारतो, चालताना पाय जमिनीला मागे रेटतो. त्याच दमात चौथं उदाहरण आलं ते रॉकेटचं. मग वर्गात फुगा सोडला. तो फर्रर्र करत छताला लागला, मुलं हसली, तास संपत आला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, पोहणाऱ्याला पाणी आहे, आपल्याला जमीन आहे. अवकाशात तर काहीच नाही. मग रॉकेट कशाला रेटून पुढे जातं?”

“अरे, क्रिया आणि प्रतिक्रिया,” मॅडम म्हणाल्या. “वायू मागे, रॉकेट पुढे.”

“हो, पण प्रतिक्रिया देणार कोण?”

घंटा झाली. मॅडमनी “उद्या बघू” म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला हात वर करायला सांगितलं: रॉकेटला पुढे जायला मागे हवा लागते असं किती जणांना वाटतं? अर्ध्याहून जास्त हात वर गेले. त्यात दोन-तीन जण असे होते की ज्यांच्या वहीत तिसरा नियम शब्दश: बरोबर होता.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्यांदा आम्ही दोघांनीही अडचण चुकीची ओळखली. मुलांना नियम समजलेला नाही, पुन्हा शिकवावा, असं मॅडमना वाटलं. मला वाटलं, एकदा निर्वातात दाखवलं की विषय संपेल.

खरं तर मुलं नियम अगदी नीट वापरत होती. पोहणं, वल्हवणं, चालणं या तिन्ही उदाहरणांत एक माध्यम आहे आणि ते माध्यमच ढकललं जातंय. तीन वेळा तेच बघितल्यावर चौथ्या उदाहरणातही मूल माध्यम शोधणार, आणि ते त्याला हवेत सापडणार. उड्डाणाची जी चित्रं डोळ्यासमोर असतात त्यांत ज्वाळा जमिनीवर आदळून धुराचे लोट उठताना दिसतात, त्यानं तर हा समज आणखी घट्ट होतो. फुगाही हवेतच उडाला होता. म्हणजे मुलांपुढे मांडलेला एकूण एक पुरावा त्यांच्याच बाजूचा होता.

मोठी माणसंही इथे घसरली आहेत. १९२० च्या १३ जानेवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं अग्रलेखात अमेरिकन रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्डची खिल्ली उडवली होती. रेटायला निर्वातापेक्षा बरं काहीतरी लागतं, हे या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता. अपोलो ११ झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या वृत्तपत्रानं दुरुस्ती छापली. गोडार्ड १९४५ मध्येच वारला होता. मॅडमनी ही गोष्ट वर्गाला सांगितली तेव्हा तिसऱ्या बाकावरचा मुलगा जरा सैलावला. आपण एकटेच बावळट नाही, हे कळायलाही कधीकधी मदत लागते.

समोर असलेले मार्ग

स्टाफरूममध्ये आम्ही जे बोललो ते साधारण असं.

अवकाशयानाचा व्हिडिओ दाखवायचा, हा पहिला मार्ग. तो लगेच बाद झाला. रॉकेट अवकाशात चालतं, हे मुलगा नाकारत नव्हताच. कसं चालतं, हा त्याचा प्रश्न होता.

दुसरा मार्ग चाकाच्या खुर्चीवर बसून जड चेंडू फेकायचा. स्वस्त, सुरक्षित, पाच मिनिटांचा. तो आम्ही केला आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली, ती खाली येईलच.

तिसरा मार्ग निर्वात हंडीचा. ध्वनीच्या पाठात विद्युत घंटेचा आवाज हवा काढल्यावर कसा मंदावतो ते दाखवायला शाळेत काचेची हंडी होती, साधारण दहा लिटरची. तिच्या बुचातून आत जाणाऱ्या दोन तारा आयत्या मिळणार होत्या. प्रश्न एवढाच की आत ‘रॉकेट’ म्हणून काय ठेवायचं.

मॅडम म्हणाल्या, फुगा. मी म्हटलं, कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी. ही कुपी मी सुचवली याची मला आता लाज वाटते, कारण साधा हिशोब केला नव्हता. तिच्यात ८ ग्रॅम वायू असतो. खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाला तो सुमारे ४.४ लिटर जागा घेतो. दहा लिटरच्या हंडीत तो सोडला की आतला दाब वातावरणाच्या निम्म्याच्या जवळपास जाणार. ज्या निर्वातासाठी एवढा खटाटोप, ते अर्ध्या मिनिटात गायब. शिवाय कुपीचा दणका काचेला बसला असता ते वेगळंच.

म्हणून फुगा ठरला.

पहिला प्रयत्न, आणि एक फट्

फुगा अर्धवट फुगवून, तोंडाला चिमटा लावून हंडीत टांगला. पंप सुरू केला. दाबमापीचा काटा खाली येऊ लागला तसा फुगा आपोआप टरारला, हंडीच्या काचेला टेकला, आणि चिमटा सोडायची वेळ येण्याआधीच फट् झाला. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरणार, म्हणजे फुगा फुगणारच. बॉइलचा नियम याच वर्गाला पंधरा दिवसांपूर्वी शिकवून झाला होता. दोन पदवीधर शिक्षकांना तो आठवला नाही. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “बॉइल.”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण नुकसान झालं होतं. “बघा, निर्वातात चालत नाही,” असं कुणीतरी म्हणालंच.

हा पहिला निर्णायक क्षण. त्याच तासाला दुसरा फुगा कमी फुगवून पुन्हा करायचा मोह होता. मॅडमनी पंप बंद केला आणि म्हणाल्या, आज खुर्ची करू, हंडी पुढच्या आठवड्यात. हा निर्णय बरोबर होता. घाईत केलेला दुसरा प्रयोगही फसला असता तर मुलांच्या मनात फक्त तो आवाज राहिला असता.

खुर्चीवर बसून मी पाच किलोचा चेंडू फेकला आणि खुर्ची मागे सरकली. तिसऱ्या बाकावरचा मुलगा गप्प बसून बघत होता. मग म्हणाला, “सर, तुम्ही चेंडूला हातानं ढकललंत. रॉकेटमधला वायू तर कोणी ढकलत नाही. तो आपला आपणच बाहेर जातो.”

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

भिंतींचं चित्र

मॅडमनी फळ्यावर एक चौकोन काढला: सगळीकडून बंद पेटी, आत दाबाखालचा वायू. वायूचे कण सगळ्या भिंतींवर आदळतायत. डावीकडच्या भिंतीवर जेवढा रेटा तेवढाच उजवीकडच्या भिंतीवर, म्हणून पेटी जागच्या जागी.

मग त्यांनी उजवीकडच्या भिंतीचा एक तुकडा पुसून टाकला.

“आता या जागेवर कण आदळतात का?”

“नाही. बाहेर जातात.”

“आणि समोरच्या, डावीकडच्या तेवढ्याच तुकड्यावर?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जिनं बॉइल म्हटलं होतं तीच मुलगी म्हणाली, “तिथे आदळतातच आहेत. पण आता तोडीस तोड कुणी नाही.”

एवढंच. रॉकेटला पुढे ढकलतो तो रॉकेटच्या आतला वायू, आणि ढकलतो तो आतल्या पुढच्या भिंतीला. वायू बाहेर पडल्यावर पुढे काय करतो, कशावर आदळतो, याच्याशी रॉकेटला देणंघेणं नाही. “वायू आपोआप बाहेर जातो” हे मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. मागची भिंत नाही म्हणून तो त्या बाजूनं निसटतो, आणि निसटताना पुढच्या भिंतीवरून उसळून निसटतो. हातानं चेंडू ढकलावा तशी ती भिंत वायूला ढकलते. हीच ती प्रतिक्रिया देणारी वस्तू, जिचा पत्ता तो पहिल्या दिवसापासून विचारत होता.

मला विचाराल तर या चित्राआधी तिसऱ्या नियमाचं नाव घेणंच धोक्याचं आहे. नियमाचं नाव म्हणजे उत्तर, असं मुलांना वाटतं आणि शिक्षकांनाही वाटू लागतं.

दुसरा प्रयत्न: औषधाची बाटली

पुढच्या आठवड्यात हंडीत ठेवली ती औषधाची १०० मिलिलिटरची जाड प्लास्टिकची बाटली. न फुगणारी. आत साधी, खोलीतली हवा, साध्या दाबाची. बाजूला एक भोक पाडून त्यात बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा डकवला. बाटली दोन दोऱ्यांनी टांगली. एकाच दोऱ्यानं टांगली तर ती पुढे जायच्या ऐवजी गिरकी घेते. रिफिलच्या तोंडावर रबराचा तुकडा ठेवून तो बाटलीभोवती गुंडाळलेल्या दोऱ्यानं दाबून धरला, आणि त्या दोऱ्याला घंटेच्या तारांना जोडलेली निक्रोमची तार टेकवली. वीज सोडली की तार तापणार, दोरा तुटणार, रबर बाजूला होणार. रबराचा तुकडा बाटलीलाच दोऱ्यानं बांधला होता, नाहीतर “रबर उडालं म्हणून बाटली हलली” ही शंका आलीच असती, आणि योग्यच असती.

इथेही एक गंमत झाली. आधी सुती दोरा लावला होता. हंडीबाहेर तार तापवली की तो लगेच पेटून तुटायचा. निर्वातात तो नुसता काळा पडला, तुटेना. ऑक्सिजनच नाही तर पेटणार कसा? रॉकेट इंधनाबरोबर ऑक्सिडीकारक, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थही, सोबत का नेतं, हे सांगायला वेगळा तास लागलाच नाही. नायलॉनचा दोरा लावला, तो वितळून तुटतो, काम झालं.

बाटली निवडण्यामागचा हिशोब असा: १०० मिलिलिटर हवा दहा लिटरच्या हंडीत पसरली तर दाब वातावरणाच्या शंभराव्या हिश्शाएवढाच वाढेल. निर्वात शाबूत राहील.

आणि आता ज्या निर्णयाचं श्रेय पूर्णपणे मॅडमचं आहे तो. मी पंप सुरू करणार होतो. त्या म्हणाल्या, “थांबा सर, आधी हवा असतानाच करू.” मुलांना त्यांनी कागदावर अंदाज लिहायला लावला: हंडीत हवा असताना बाटली किती हलेल, आणि हवा काढल्यावर किती? हवेला रेटून रॉकेट जातं असं मानणाऱ्यांनी अर्थातच लिहिलं की हवेत हलेल, निर्वातात नाही.

हवा असताना तार तापवली. दोरा तुटला, रबर लोंबकळलं, बाटली निपचित. फुस्स सुद्धा नाही. आत आणि बाहेर दाब सारखाच, तर हलणार कशाला?

मग सगळं पुन्हा बांधलं. हंडीवर तारेची जाळी घातली. मुलं तीन मीटर मागे, पुढे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, माझ्या आणि मॅडमच्या डोळ्यांवर गॉगल. निर्वात हंडी फुटली तर काच आधी आत कोसळते आणि मग उसळून बाहेर येते, म्हणून हा सोपस्कार वगळायचा नसतो. पंप घरघरत राहिला, काटा तळाला गेला. तार तापवली.

बाटली एवढ्या जोरात उसळली की हंडीच्या काचेवर ठक्कन आपटली.

क्षणभर माझ्याच पोटात गोळा आला. काच शाबूत होती. पण मुलांचे चेहरे! निपचित पडलेली तीच बाटली, तीच हवा, तेच भोक. बदललं होतं ते एकच: बाहेरची हवा काढली होती. बाहेरची हवा मदत करत नव्हती, उलट तीच अडवून बसली होती.

भोक फार मोठं होतं, हे नंतर हिशोबानं कळलं. आतला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १० न्यूटन. दोन मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ०.०३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे रेटा ०.३ न्यूटन. तीस ग्रॅम वजनाएवढा, आणि बाटली पंधरा ग्रॅमची! वायू वाहताना मिळणारा जादा रेटा धरला तर आणखीच. मग भोक एक मिलिमीटरवर आणलं, बाटलीत चार नट टाकून वजन तीस ग्रॅमच्या आसपास नेलं. आता बाटली काचेला न लागता ऐटीत एका बाजूला झुकायची आणि हवा संपत आली की झुलत परत यायची.

एक योग्य शंका, आणि माझं चुकीचं उत्तर

सगळे खूश असताना तिसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, पण बाटलीतली हवा हंडीच्या काचेवर आपटते ना? मग तिनं काचेला रेटलं असेल. अवकाशात काच नसते.”

तास संपत आला होता. मी म्हटलं, “तसं काही नसतं रे.” तो बसला. हा या प्रकरणातला सर्वांत वाईट क्षण, आणि तो माझा.

त्या संध्याकाळी मी जरा वाचलं, आणि ओशाळलो. ही शंका गोडार्डलाही आली होती. त्यानं निर्वातात केलेले प्रयोग स्मिथसोनियन संस्थेनं १९१९ मध्ये छापले. झोत समोरच्या भिंतीवर आपटून परत येईल आणि मोजमाप बिघडवेल, या भीतीनं त्यानं वळसा घेतलेल्या मोठ्या नळीची टाकी वापरली होती. झोत त्या वळशात फिरत राहावा, उलटून अंगावर येऊ नये, यासाठी. नववीतल्या मुलाला जे सुचलं ते मी झटकून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी ते सांगितलं, त्या मुलाचं नाव घेऊन. मग पर्याय शोधले. कुणी म्हणालं, मोबाइलवर स्लो मोशन घेऊ: बाटली आधी हलते की झोत काचेला लागून परत आल्यावर? चांगला विचार, पण हिशोबात टिकेना. भोकापासून काच जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. सेकंदाला काही शे मीटर वेगानं वायूला तेवढं अंतर जाऊन यायला अर्धा मिलिसेकंदही पुरेल. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं टिपतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंद. काहीच दिसलं नसतं.

शेवटी मार्ग साधा निघाला. भोकासमोर, बाटलीला न लागता, जाड पुठ्ठ्याची पट्टी पंचेचाळीस अंशात तिरपी उभी केली, म्हणजे झोत खाली वळेल, मागे उलटणार नाही. काचेला रेटून बाटली जात असेल तर आता तिचं झुकणं खूप कमी व्हायला हवं. मग पट्टी काढून त्या बाजूच्या काचेला स्पंजचा थर लावला आणि पुन्हा. तिन्ही वेळा बाटली डोळ्याला दिसेल इतपत तेवढीच झुकली. हंडीमागे कागदी कोनमापक चिकटवून मुलांनीच बघितलं.

डोळ्यानं बघितलेला कोन म्हणजे काटेकोर मोजमाप नव्हे, हे मॅडमनी मुलांना स्पष्ट सांगितलं. उलटलेल्या वायूचा थोडाफार परिणाम असेलही. पण मुख्य रेटा तिथून येत नाही, एवढं यातून ठरलं.

“मग नोझल कशाला?”

खरी धमाल इथून पुढे आली. ‘बॉइल’वाल्या मुलीनं विचारलं, “पुढच्या भिंतीवरचाच रेटा असेल तर नुसतं भोक पुरे. रॉकेटला मागे ती घंटेसारखी नोझल कशाला?”

भोकातून निघालेला वायू निर्वातात चारी बाजूंना फाकतो. बाजूंना फाकलेल्या वायूचा पुढे जायला उपयोग शून्य. घंटेच्या आकाराची नोझल त्या फाकणाऱ्या वायूला वळवून मागे पाठवते, आणि वळवताना तिच्या तिरप्या भिंतींवर आतून वायूचा रेटा बसतो, त्याचा काही भाग पुढच्या दिशेला असतो. म्हणजे घंटाही एका अर्थी ‘पुढची भिंत’च, पसरट केलेली. वायू जसा पसरतो तसा त्याचा दाब आणि तापमान उतरतं, वेग चढतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या चांगल्या इंजिनात तो निर्वातात सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटरवर जातो.

मग मॅडमनी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचे, आरएस-२५ चे, आकडे फळ्यावर लिहिले. समुद्रसपाटीला रेटा सुमारे १,८६० किलोन्यूटन, निर्वातात सुमारे २,२७९. इंजिन तेच, इंधन तेवढंच, फरक सुमारे ४१९ किलोन्यूटन. “हा फरक आला कुठून?”

नोझलच्या तोंडाचा व्यास साधारण २.३ मीटर. मुलांनी क्षेत्रफळ काढलं: सुमारे ४.१५ चौरस मीटर. हवेचा दाब चौरस मीटरला १०१ किलोन्यूटन. गुणाकार केला: सुमारे ४२०. वर्गात एकदम कालवा झाला. हवा त्या तोंडावर एवढ्या जोरानं उलट रेटत असते, आणि अवकाशात तो अडथळा जातो, बस्स. औषधाच्या बाटलीचीच गोष्ट, फक्त मोठी.

इस्रोच्या सीई-२० इंजिनाचाही उल्लेख झाला. ते वरच्या टप्प्याचं, निर्वातासाठी बनवलेलं, त्याच्या नोझलचं तोंड घशाच्या, म्हणजे नोझलच्या सर्वांत अरुंद जागेच्या, शंभर पट क्षेत्रफळाचं. एवढी मोठी घंटा समुद्रसपाटीला चालवली तर तोंडाशी वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा फारच कमी असतो, हवा कडेनं आत घुसते, झोत भिंतीपासून सुटतो आणि नोझल हादरते. म्हणून महेंद्रगिरीला, इस्रोच्या इंजिन-चाचणी केंद्रात, त्याच्या चाचण्या उंचीवरच्या कमी दाबाचं वातावरण तयार करणाऱ्या खास सुविधेत घेतात, किंवा जमिनीवर घ्यायची तर नोझलला संरक्षण देणारी यंत्रणा लावतात. हवा ज्यांना आधार वाटत होती त्या मुलांना, तिच्यापासून इंजिन वाचवावं लागतं हे ऐकून मजा वाटली.

निष्पत्ती

महिन्याभरानं मॅडमनी घटक चाचणीत एक प्रश्न घातला: निर्वातात सरळ जात असलेल्या यानानं इंजिन सुरू केलं तर काय होईल, आकृतीसह. बहुतेकांनी चौकोन काढला, एक भिंत पुसली, समोरच्या भिंतीवर बाण काढले. पण काहींनी त्याच आकृतीखाली लिहिलं की “वायू मागच्या हवेला ढकलतो”. आकृती एक सांगत होती, वाक्य दुसरंच. मॅडमनी त्यांना शून्य दिलं नाही, बोलावून आकृती बोटानं दाखवायला लावली. दोघांनी बोलता बोलताच वाक्य खोडलं. एकानं नाही खोडलं. तो म्हणाला, आधी बाहेर पडलेल्या वायूला नंतरचा वायू ढकलत असणार. मॅडमनी चौकोनाकडे बोट केलं: पुढच्या भिंतीवरचा धक्का वायू बाहेर पडण्याआधीच बसलेला असतो. त्याला ते अजून पूर्ण पटलेलं दिसत नाही.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत चौकोन नव्हताच. त्यानं हंडी काढली होती, तिरप्या पट्टीसकट.

वेगळं काय करता आलं असतं

उदाहरणांचा क्रम. पोहणारा, नाव आणि चालणं यांच्या रांगेत रॉकेट बसवायला नको होतं. त्याआधी बंदुकीचा धक्का किंवा खुर्चीवरचा चेंडू आला असता तर माध्यमाची सवयच लागली नसती.

फुगा हंडीत घालण्याआधी एक रिकामी चाचणी. वर्गासमोर पहिल्यांदा करायचा प्रयोग आदल्या दिवशी एकदा करून बघणं, हे प्रयोगशाळा सहायकही सांगतो. आम्ही केलं नाही. भोकाचा हिशोब आधी केला असता तर काचेवरचा तो ठोका टळला असता. तो नाट्यमय होता, पण शिकवायला एवढ्या धोक्याची गरज नव्हती.

“तसं काही नसतं रे” हे वाक्य. त्या दिवशी वेळ नव्हता हे खरं, पण शंका फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला दहा सेकंद लागतात. आता त्या वर्गात फळ्याची एक पट्टी त्यासाठी मोकळी असते.

आणि बाटली हंडीत घालण्याआधीची गोष्ट. पुढच्या तुकडीला हे शिकवताना मॅडमनी बाटली आधी मुलांच्या हातात दिली. झाकण घट्ट, भोक उघडं. कानाला लावा म्हणाल्या, काही ऐकू येतं का? नाही. मग या भोकातून हवा बाहेर का येत नाहीये? एका मुलीनं बराच वेळ बाटली कानाशी धरली आणि म्हणाली, “कारण बाहेरची येऊ देत नाही.” मी तेव्हा दाराशी पंप घेऊन उभा होतो.